कालच्याइतकंच

सोमवार, ४

ही वही यांनी बांधलेली. बाइंडिंगच्या कारखान्यात उरलेल्या कागदाची, पाठीला हिरवं कापड. हे जाऊन दोन वर्षं होत आली, तेव्हापासून ती कपाटात कोरीच पडून होती. काल वन्संनी माझ्या पिशवीत टाकली. "नुसतं छताकडे बघत पडण्यापेक्षा काहीतरी खरडा वहिनी," म्हणाल्या. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, कचेरीतून निवृत्त झाल्या, आणि आता आम्ही दोघी एका घरात एकमेकींवर कुरकुरत राहतो. वहीचं पहिलं पान मी सोडलं आहे. पहिल्या पानावर लिहायला माझा हात धजत नाही.

मला दम लागतो म्हणून इथे ठेवलं आहे. हृदय थकलंय, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, एकटं तेच नाही. ते हसले नाहीत. त्यांच्या मागे उभी असलेली मुलं हसली आणि मग डॉक्टर हसत नाहीत हे पाहून गप्प झाली.

हे शिकाऊ डॉक्टरांचं हॉस्पिटल आहे. प्रत्येक खाट एकेका विद्यार्थ्याच्या वाट्याला. सकाळी तो येतो, नाडी पाहतो, रक्तदाब पाहतो, वजन करतो. मग मोठे डॉक्टर फेरीला आले की खाटेशी उभं राहून धडा म्हणावा तसं सगळं तोंडी सांगतो. वजनाचा काटा मात्र या खोलीत नाही. लांबच्या लांब व्हरांडा, मग जिना, त्याच्या पलीकडे चादरींची खोली, तिच्या दाराशी काटा. तिथवर जाऊन येईपर्यंत माझा जीव मेटाकुटीला येतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर कंडक्टरबाई आहेत. बसमध्ये तिकिटं फाडण्यात उमर गेली, आता पायाची जखम भरत नाही म्हणून पडल्या आहेत. सगळ्या दुनियेकडे त्या बस असल्यासारखं बघतात. माझ्या वाट्याच्या मुलाला त्यांनी नाव ठेवलंय विनाथांबा. आला, हसला, गेला. त्यांच्या वाट्याची मुलगी आहे तिला म्हणतात सर्वथांबे. "रोज पट्टी सोडून जखम बघते, ताई. वास घेते, वास! पुन्हा बांधते. तेवढ्यात माझी बस आगाराला लागून परत निघाली असती."

मुलगी ऐकते आणि खाली बघून पट्टी बांधत राहते. चेहरा असा, की हसतेय की रडतेय कळू नये.

बुधवार, ६

आज विनाथांबा आला तो भिंतीला धरून. डोळे लाल. काल दिवसभर इथे, मग अपघात विभागात, तिथून सरळ पुन्हा इथे. माझा रक्तदाब घ्यायला पट्टा गुंडाळला आणि स्टुलावर बसल्या बसल्या पेंगला. मान एका बाजूला, तोंड उघडं. झोपेत सगळी माणसं लहान दिसतात. पट्टा माझ्या दंडाला तसाच. मी हललेच नाही.

जाग आल्यावर इतका ओशाळला. "सॉरी काकू, चला, काट्यावर जाऊ."

मी म्हटलं, "बस मुकाट्याने. एवढ्या लांब तू मला ओढणार की मी तुला? एका दिवसात माझं काय वजन वाढणार आहे? इथलं जेवण खाऊन?"

तो हसला. "म्हणजे कालच्याइतकंच?"

"कालच्याइतकंच."

फेरीला त्याने तसंच सांगितलं. छान, खणखणीत आवाजात. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. मला वाटलं, आज कुणाच्या तरी उपयोगी पडले आपण. बऱ्याच दिवसांनी वाटलं तसं.

शुक्रवार, ८

आता हे आमचं ठरूनच गेलं आहे. तो येतो, नाडीवर बोट ठेवतो, मी सरकून त्याला खाटेच्या पायथ्याशी जागा करते. दहा मिनिटं पाठ टेकतो. कधी पेंगतो, कधी बोलतो. सिस्टर एकटी आणि खाटा इतक्या, तिला इकडे बघायला सवड कुठली? कंडक्टरबाई बघतात. "विनाथांबा गाडीला स्पेशल थांबा दिला वाटतं," म्हणाल्या. मी कानाडोळा केला.

आज त्याने विचारलं, काकू, तुम्ही सारखं वाचत असता, किती शिकलात? मी म्हटलं, चौथी, आणि पुढचं सगळं रद्दी. मग त्याला फर्म्यांची गोष्ट सांगितली.

पुस्तक छापतात तेव्हा सोळा सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापून निघतात. त्याला म्हणायचं फर्मा. हे फर्मे दुमडायचे, ओळीने लावायचे, शिवायचे. एखादा फर्मा पुसट छापला, फाटला, की रद्दीत. ती रद्दी हे घरी आणायचे, माझ्यासाठी. त्यामुळे मला वाचनाची गोडी लागली ती अशी, सतराव्या पानापासून बत्तिसाव्या पानापर्यंत. कुणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं, झालं की नाही ते देव जाणे. कोण मेलं ते कळायचं, का मेलं ते दुसऱ्या फर्म्यात.

एक पुस्तक मात्र जवळजवळ सगळं मिळालं होतं. दोन भावांची गोष्ट. एकाच गिरणीत वाटा, तिच्यावरून भांडण. बत्तिसाव्या पानावर मोठा भाऊ दार आपटून घराबाहेर पडतो, पुन्हा तोंड बघणार नाही म्हणून. एकोणपन्नासाव्या पानावर दोघं एका टेबलाशी बसून जेवत असतात. मधला फर्मा नाही. मी यांच्या मागे लागले, मधे काय झालं? हे म्हणाले, सांगतो. आणि सांगितलं. मोठा भाऊ पुलावर जातो, तिथे एक आंधळा बाजावाला भेटतो, असं काय काय. पुढच्या वेळी विचारलं तर बाजावाला नव्हता, एक हरवलेलं वासरू होतं. मी म्हटलं, अहो, मागच्या वेळी वेगळं होतं. हे म्हणाले, मग तुला कुठलं आवडलं ते खरं.

मुलगा खूप हसला. "भारी होते काका." पुस्तकाचं नाव काय, छापखाना कोणता, सगळं विचारून घेतलं.

फेरीला मोठे डॉक्टर खूष. वजन एका जागी ठरलंय म्हणाले. पाण्याची गोळी अर्धी केली. असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात घरी.

रविवार, १०

वन्सं येऊन गेल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तोंड सुजल्यासारखं का दिसतंय तुमचं?"

"झोपून झोपून."

"आणि चपला का बदलल्या?"

माझ्या घरच्या चपला पायात जात नाहीत. आत ठेवल्या ठेवल्या चामडं आखडलं असेल. हॉस्पिटलच्या मोठ्या सपाता सिस्टरकडून मागून घेतल्या. मोज्यांचंही तेच. इथे धुतात कशात कोण जाणे, काढले की घोट्यावर खोल वळ. मी पाय पांघरुणातच ठेवते, थंडी वाजते.

वन्सं म्हणाल्या, "डॉक्टरला सांगितलंत?"

"काय सांगू? चपला आटल्या म्हणून?"

मग त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की यांच्यासारख्या दिसतात, त्यामुळे मी त्यांच्याशी भांडण उकरून काढते. आजही काढलं, नळाच्या वायसरवरून. जाताना माझ्या पाठीशी तिसरी उशी लावून गेल्या. आडवं पडलं की बरं वाटत नाही. म्हातारपणी पाठ मऊ होते.

सोमवार, ११

काय लिहू. विनाथांबाने पुस्तक आणलं.

तेच. दोन भावांचं. सबंध. काल त्याला कितीतरी दिवसांनी सुटी होती, झोपायचं सोडून जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळली. धूळ खाऊन शिंकून शिंकून बेजार झालो, म्हणाला. मुखपृष्ठ नाही, पण फर्मे सगळे आहेत. मी तेहेतिसावं पान आहे का तेवढं बघितलं. आहे. मिटून उशीखाली ठेवलं.

"वाचा ना काकू."

"वाचेन रे. घाई काय आहे?"

माझ्या डोळ्यांत पाणी बघून तो उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. तरुण मुलांना रडणाऱ्या बाईचं काय करायचं कळत नाही. डॉक्टरकीतही शिकवत नसावेत.

वजन कालच्याइतकंच.

पुस्तक उघडलं की यांची गोष्ट संपेल. म्हणून उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर दोन पानं वाचली की धाप लागते हल्ली. अक्षरांनी कधी धाप लागली नव्हती.

मंगळवार, १२

आज तो नव्हता, दुसऱ्या विभागात बोलावलं होतं. त्याच्याऐवजी सर्वथांबे आली.

"मावशी, चला, वजन करू."

मी म्हटलं, कालच्याइतकंच आहे, लिही. ती म्हणाली, "हो मावशी, असेल. पण मी पाहिलं नाही ना."

म्हटलं, दम लागतो. म्हणाली, बसत बसत जाऊ. आणि खरोखरच बसत बसत नेलं. व्हरांड्यातल्या प्रत्येक बाकावर बसवलं, जिन्याशी उभं राहून माझा श्वास खाली बसेपर्यंत खिडकीबाहेर काय दिसतं ते बघत राहिली. एकदाही "चला" म्हणाली नाही. मला रागच आला होता तिचा. काट्यावर उभी केली, आकडा बघितला, मला उतरवलं, काटा शून्यावर आला का बघितलं, पुन्हा उभी केली. तिसऱ्यांदाही.

फेरीला तिने सांगितलं. काल होतं त्यापेक्षा साडेचार किलो जास्त.

मोठे डॉक्टर थांबले. "एका दिवसात?"

"हो सर. तीन वेळा पाहिलं."

"साडेचार किलो. काय, रात्रीतून सामान भरलं का त्यांच्यात?" मुलं हसली. "आठवडाभर वजन हललेलं नाही, आणि तुम्ही गेलात तर साडेचार किलो. काटा वाचता येतो ना? चपला, शाल, पिशवी, काही हातात होतं?"

"नाही सर." तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना.

"उद्या नीट करा." मग मला विचारलं, कसं वाटतंय? बाकीची मुलं घड्याळं बघत होती. पलीकडे अजून अर्धी खोली बाकी होती. मी म्हटलं, कालच्याइतकंच.

बुधवार, १३

विनाथांबा परत आला. त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं. आज तो पेंगला नाही, बसलाही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकू, कालच्याइतकंच ना? म्हणजे, परवाच्या."

मी मान हलवली. उशीखाली पुस्तक होतं.

फेरीला त्याने परवाचाच आकडा सांगितला. डॉक्टर सर्वथांबेकडे वळले. फार ओरडले असते तर बरं झालं असतं. थंडपणे म्हणाले, "तुमच्या आकड्यावर मी गोळी दुप्पट केली असती तर काय झालं असतं, माहीत आहे? आधीच तुमचं काम कधी वेळेत होत नाही, आता त्यावर विश्वासही ठेवता येत नाही. या वॉर्डातली पोस्टिंग तुम्ही पुन्हा करा. सगळी. शेवटच्या परीक्षेला बसायचं पुढच्या वेळी बघू."

ती म्हणाली, "सर, एकदा आत्ता—" पण ते पुढच्या खाटेशी गेले होते.

विनाथांबा आपल्या बुटांकडे बघत होता. मी पांघरुणाच्या काठाकडे. मधे ती उभी.

कंडक्टरबाई मला म्हणाल्या, "ताई, ती पोरगी रोज माझ्या सडक्या पायाचा वास घेते. ती खोटं बोलेल?"

मी म्हटलं, "मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतेय," म्हणाल्या, आणि कूस बदलली.

गुरुवार, १४

दुपारी ती आली. कंडक्टरबाईंचं काम उरकून माझ्या खाटेशी थांबली. डोळे सुजलेले होते, बाकी नेहमीसारखीच.

"मावशी, शेवटचं काट्यावर कधी उभ्या राहिला होतात? मी सोडून."

मी म्हटलं, "रोज."

ती स्टूल ओढून बसली. "मावशी, वजन का करतात, कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"जाड झाले का बघायला. अजून कशाला?"

"मांस नाही बघत आम्ही. पाणी बघतो. हृदय थकलं की पाणी उपसलं जात नाही, अंगात साठतं. आधी वजन वाढतं, मग पाय भरतात, मग आडवं झोपवत नाही, मग बोलताना धाप लागते. वजन सगळ्यात आधी सांगतं, म्हणून रोज करायचं." मग म्हणाली, "तुमचे पाय दाखवता का?"

मी पाय आखडून घेतले. म्हटलं, जा बाई, मला झोपायचंय. ती उठली. स्टूल उचलून, आवाज न करता, होतं तिथे ठेवलं.

मग मी एकटीने पाय बघितले. चपला आटल्या नव्हत्या.

यांना शेवटचे काही महिने रोज विचारायचे, कसं वाटतंय? हे म्हणायचे, कालच्याइतकंच. रोज. मला ते उत्तर आवडायचं. वाटायचं, काल होते, आज आहेत, म्हणजे उद्याही असतील. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर हे खुर्चीतच गेले होते. डॉक्टर विचारत होते, काही बदल जाणवला होता का? मी म्हटलं, नाही हो, रोज कालच्याइतकंच होतं.

तो मुलगा वाईट नाही. वाईट असता तर लिहायला सोपं होतं. त्याला झोपू मी दिलं. काट्यापर्यंत न जायचं मी सांगितलं. उद्या तोंड उघडलं तर त्याचं नुकसान होईल, आणि त्याने माझ्यासाठी दुकानं धुंडाळली. नाही उघडलं तर तिचं होईल, आणि तिने माझ्यासाठी काही आणलं नाही. फक्त बाकावर बसवलं.

शुक्रवार, १५

अक्षर वाकडं येतंय. हाताला सुई आहे.

सकाळी तो आला. मी म्हटलं, "चल बाळा, काट्यावर जाऊ."

त्याचा चेहरा उतरला. "आज? काकू, आज गेलो तर मग कळेलच ना सगळं."

"हो."

"सोमवारपर्यंत थांबा. माझी पोस्टिंग संपते. मग मी स्वतःच..." मग म्हणाला, "माझ्या घरातला शिकणारा मी पहिला आहे, काकू."

मला उठायचंच होतं, पण उठवेना. दोन वाक्यं बोलले तर छातीत घरघर सुरू झाली. त्याने ती ऐकली. ऐकली हे मला दिसलं. पण तेवढ्यात फेरी आली.

तो उभा राहिला. "नाडी ठीक, रक्तदाब ठीक, वजन..." आणि थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तो स्वतःच बोलेल म्हणून मी थांबले. जेवढं थांबता येईल तेवढं थांबले.

"वजन कालच्याइतकंच, सर."

मी म्हटलं, "नाही."

सगळे वळले.

"डॉक्टर, आम्ही काट्यापर्यंत जातच नाही. गेल्या आठवड्यापासून. मीच त्याला नको म्हटलं. पोरगा दमलेला असायचा, मला पण चालवत नव्हतं. आम्ही इथेच बसून सांगायचो. त्या मुलीने नेलं तेवढंच खरं."

एवढं बोलायला मला चारदा श्वास घ्यावा लागला. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पांघरूण बाजूला केलं, मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. काढला तर तिथे खड्डा. ओल्या मातीत बोट रुतवावं तसा. तो खड्डा भरेना. सगळे त्याच्याकडे बघत उभे.

"हे मी बघायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मुलांना नाही, मला म्हणाले. मग सिस्टरला इंजेक्शन सांगितलं आणि सर्वथांबेला, "चाकाची खुर्ची आणा. वजन तुम्ही करा. मी येतो बरोबर."

तिने मंगळवारी सांगितलं होतं त्याच्याही वर दोन किलो.

शनिवार, १६

इंजेक्शनं. दिवसभर नुसतं पाणी जातंय. कंडक्टरबाई म्हणाल्या, "धरणाचे दरवाजे उघडले वाटतं." हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दमले आहे.

सोमवार, १८

विनाथांबा आला होता. पांढरा कोट नव्हता. कोटाशिवाय तो कुणाचाही मुलगा दिसतो.

त्याला आधी दोन महिने घरी बसवणार होते. मोठ्या डॉक्टरांनी वर जाऊन बोलणं केलं म्हणे. आता ही पोस्टिंग पहिल्यापासून करायची आणि परीक्षा मागे. मुलीची शिक्षा रद्द झाली. हे त्याने खाली बघून सांगितलं. मग म्हणाला, "काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, बस म्हणून."

"हो. म्हणाले होते."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले होते. चुकलं माझं."

त्याला वाटलं असावं मी अजून काही बोलेन. समजूत घालेन. माझ्याकडे समजूत नव्हती. मी पुस्तक काढून पुढे केलं. "तुझं आहे. परत घे हवं तर."

"ते तुमच्यासाठीच आणलं होतं," तो म्हणाला. "ते खोटं नव्हतं काही." आणि गेला. दाराशी सिस्टरच्या टेबलाला आपटला, वळून सॉरी म्हणाला, टेबलालाच.

संध्याकाळी मुलगी आली. मी तिचा हात धरून म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "मावशी, एक दिवस आधी बोलला असतात तर बरं झालं असतं. माझ्यासाठी नाही म्हणत. तुमच्या फुप्फुसापर्यंत पाणी गेलं होतं." मग म्हणाली, "आणि मीही सरांच्या मागे जायला हवं होतं. पुढच्या खाटेपर्यंत. मी इथेच उभी राहिले."

तिने हात सोडवून घेतला नाही. पण धरलाही नाही. मग घड्याळ बघून माझी नाडी मोजायला लागली.

गुरुवार, २१

घरच्या चपला पायात गेल्या. वन्संनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या खोलीसमोर. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? म्हणाल्या, "लागू दे. दादा गेला तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही मी, पण मला रोज वाटायचं, त्याचे पाय सुजलेत. म्हटलं वहिनींना दिसत असेलच."

आम्ही दोघी बराच वेळ त्या चपलांकडे बघत बसलो. यावर भांडता आलं नाही.

त्या गेल्यावर पुस्तक उघडलं. तेहेतीस ते अठ्ठेचाळीस. बाजावाला नाही, वासरू नाही. मोठा भाऊ दिवसभर पुलाखाली बसून धाकट्याला शिव्या घालतो, मनातल्या मनात जुनी उणीदुणी काढतो. पानंच्या पानं तेच. मग अंधार पडायला लागतो, त्याला भूक लागते, आणि तो घरी येतो. धाकटा दार उघडतो आणि ताट वाढतो. कुणी कुणाला काही बोलत नाही. एवढंच.

यांची गोष्ट खूप चांगली होती. पण आता मला कळलं की एकोणपन्नासाव्या पानावर दोघं जेवताना एकमेकांकडे बघत का नाहीत. इतकी वर्षं मला ते खटकत होतं. हे म्हणायचे, लेखक विसरला असेल.

सोमवार, २५

उद्या घरी सोडणार.

मुलीला आजपासून दुसरा वॉर्ड. जाताना कंडक्टरबाईंची पट्टी सोडून एकदा वास घेऊन गेली. जखम भरत आली आहे. कंडक्टरबाई तोंड फिरवून पडून राहिल्या, आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "आता मला कोण हुंगणार?"

माझ्या खाटेशी तो आला. कोट धुतलेला. डोळे तसेच लाल, जागरण कमी झालेलं नाही. "गुड मॉर्निंग" म्हणाला, काकू म्हणाला नाही. नाडी पाहिली, ओठ हलवत मोजली. रक्तदाब घेतला. मग खाली वाकून माझ्या चपला खाटेखालून ओढल्या आणि पायांसमोर सरळ लावून ठेवल्या.

आम्ही निघालो. पहिल्या बाकावर बसले. तो उभाच. दुसऱ्या बाकावर तोही टेकला, मधे एका माणसाची जागा सोडून. त्याला जांभई आली, ती त्याने दाबली. झोप म्हणणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. जिन्याशी मी कठड्याला धरलं तेव्हा त्याने हात पुढे केला, आणि मग पूर्ण वेळ काढला नाही.

काट्यावर उभी राहिले. त्याने वाकून आकडा बघितला. मला उतरवलं, शून्य बघितलं, पुन्हा उभी केली.

मी विचारलं, "कालच्याइतकंच?"

तो अजून वाकलेलाच होता.

"नाही काकू," म्हणाला. "थोडं कमी आहे."